फिलोमेनाच्या दगडावरचं बावीस

आधीच सांगते, ती गेली तेव्हा मी तिथे नव्हते, जे मी ऐकलं नाही त्याची साक्ष मी देत नाही, आणि तरीही अख्खं पेडणं माझ्याच दारात... का? तर टीचरकडे कॉम्प्युटर आहे! ऐकलं ते शेजारच्या जानकीनं, फिलोमेनाची उशा-पायथ्याची सेवा तीच करायची. फिलोमेनानं डोळे उघडले, म्हणाली, 'म्हज्या फातरार बावीस घाल,' आणि मिटले. म्हणजे थडग्याच्या दगडावर बायबलातलं बाविसावं स्तोत्र, एवढं पाद्रीबाबांनी उलगडलं आणि स्वतःचा बायबलचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर मला धाडला. दुसरा माझ्याकडे होताच, पीएच.डी.च्या कामाचा, कारण तुम्हाला सांगते, एकाच स्रोतावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. ठेवला असता तर सुखी झाले असते!

दोन्ही शेजारी शेजारी उघडले. डावीकडे बाविसावं: देव मेंढपाळ, हिरवं कुरण, काही म्हणून कमी नाही. उजवीकडे बाविसावं: देवा, मला टाकून गेलास, म्हणून आकांत. मी चष्मा पुसला. कॉम्प्युटर एक, बावीस दोन!

चूक कोणाचीच नाही हो, तीच तर पंचाईत! जुन्या लॅटिन मोजणीत नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र, तिथून पुढे आकडा एकानं मागे. नव्या मोजणीत दोन्ही वेगळी. मग फिलोमेनाची मोजणी कुठली? लहानपणी शिकली पोर्तुगीज पाद्रीकडे, म्हणजे जुनी. म्हातारपणी दर आयतारी इगर्जीत, म्हणजे रविवारच्या चर्चमध्ये, ऐकली ती नवी. पाद्रीबाब म्हणाले, दोन्ही देवाचीच. अहो, असतील, पण दगड एकच आहे ना?

आणि तो दगड कोरणारा धाकू, आमची तुळशीवृंदावनं घडवतो तोच, छिन्नी घेऊन माझ्या पायरीवर, कुठला कोरू म्हणून. 'बाय, खंयचो बावीस?'

वर लिस्बनहून आग्नेलचा फोन, फिलोमेनाचा एकुलता एक. आजारपणात आला नाही, मातीलाही आला नाही, रजा मिळेना म्हणे. त्याला मी साधार समजावलं, नववं, दहावं, लॅटिन, कॉम्प्युटर एक, बावीस दोन... त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'टीचर, आवयन म्हाका दोस दिलो काय ना, तितलेंच सांगात.'

आईनं दोष दिला की नाही, एवढंच! सांगायचं ना मेंढपाळ! कोण तपासायला येणार होतं? पण मी म्हटलं, 'बघून कळवते.' कारण फिलोमेना रोज संध्याकाळी बसस्टॉपकडे तोंड करून बसायची, हे मी पाहिलंय; आणि विचारलं की हसून म्हणायची, 'म्हाका कितें उणें?', मला काय कमी म्हणे, हेही मीच ऐकलंय. आता यातला कुठला पुरावा ग्राह्य धरू?

शेवटी धाकूनं नुसता आकडा कोरला. मी आग्नेलला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. कुठल्या बाविसाला, ते मी विचारलं नाही. आकड्याखाली धाकूनं स्तोत्राच्या ओळीसाठी वीतभर जागा सोडली, 'कळ्ळें म्हणजे घालूं या, बाय.'

त्यानंतर तो कॉम्प्युटर बिघडला, मी नवा घेतला, आणि शहाण्यासारखे त्याच्यावरही दोन्ही प्रोग्रॅम बसवले. बाजारात धाकू दिसला की भुवया उडवतो, मी नकारार्थी मान हलवते. वीतभर जागेवर शेवाळ धरलंय.