काकाचा कूलर

तुम्ही उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर लावता तं आधी आत पाहता का? नाई ना? मंग ऐका.

आमच्या दिग्रसच्या घरी मायनं अंगणात कोंबड्या पाळल्या हायेत. शेजारच्या बाबाराव काकाचं एकच रडगाणं, "यायच्या कलकलाटानं दुपारची झोप लागत नाई!" शेवटी त्यानं नगरपरिषदेत तक्रार केलीच.

ऐन उन्हात साहेब आले. मायची लाडकी काळी कोंबडी आधीच हरवली होती, अन् साहेब म्हणे, "बाकीच्या बी हलवा लागतीन." मायचं तोंड एवढंसं झालं. काका खुश! "या साहेब, आमच्या ओसरीत बसा, कूलर लावतो," म्हणत त्यानं बटन दाबलं.

हवेच्या आधी बोंब आली! कूलरच्या गवताच्या फाटक्या ताटीतून मायची काळी कोंबडी फडफडत निंगाली, ते थेट साहेबाच्या डोक्यावर. काकानं घाबरून बटन बंद केलं. आत पाहतो तं जुन्या गवतात अंडी!

माय म्हणे, "खुडूक कोंबडीले उठवत नसतेत. पिल्लं निंगेपर्यंत कूलर लावाचा नाई."

साहेबानं केसातलं पीस काढलं. "काका, कोंबडी तुमच्या कूलरात, अंडी तुमच्या कूलरात. नोटीस कोणाच्या नावानं काढू?"

काकानं तक्रार तिथंच मागं घेतली. आता दुपारी तो आमच्याच कूलरसमोर येऊन झोपते. काल मी टीव्ही लावला तं डोये वटारून म्हणे, "आवाज कमी कर ना बे! तिकडं आमची अंड्यावर बसली हाये!"