तोंडावर हात ठेवून

मी, कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा नोकरी, राहणार शाळेच्याच आवारात, स्वयंपाकघरामागची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलींचं आणि सिस्टर लोकांचं दोन्ही वेळचं जेवण करते. मला सगळ्या मावशी म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे, ते साहेबांनी एव्हाना ओळखलंच आहे. मी सांगेन तसंच लिहा म्हणून मी हवालदारांना बजावलं आहे.

शुक्रवारी दुपारी आमच्या आवारात उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीच्या चारही चाकांची हवा कुणीतरी टोकदार वस्तूने सोडली आणि व्हॉल्व्ह खराब केले, अशी ड्रायव्हरची तक्रार आहे. गाडी खाली बसलेली मी स्वतः पाहिली. ती कशापायी बसली हे सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. हवालदार म्हणाले, मुद्द्याचं बोला. अहो, हाच मुद्दा आहे.

आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावून झालं, उपयोग शून्य. गालात खाऊ कोंबून ठेवते म्हणून तिला सगळ्या खारूताई म्हणतात. आईवडील दोघंही लांब कारखान्यात पाळीवर असतात, सुट्टीत येऊन घेऊन जातात. आली तेव्हा ती कुणाकडे बघायचीसुद्धा नाही. जेवणाच्या टेबलाखाली बसून चमचा आपटायची. तिला बोलायला शिकवलं ते उंच सिस्टरनी. तिसरीचा वर्ग घेणाऱ्या सिस्टर त्या, पण दारातून वाकून यावं लागतं म्हणून सगळ्या शाळेत उंच सिस्टर.

चॅपलमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्या घेऊन दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसायच्या, कारण तिथे वारा लागत नाही. ज्योतीसमोर 'प' म्हणायचं, ज्योत हलली पाहिजे. 'ग' म्हणताना सिस्टरच्या गळ्याला हात लावायचा, हाताला थरथर कळली पाहिजे. दिवसचे दिवस हेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या प-प-पाच्या नादात माझं दूध उतू गेलं!" त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो मावशी. आज तिला 'पाव' म्हणता आलं." मग मी तिला पावाचा अख्खा तुकडा दिला, तो तिने गालात कोंबला.

पुढे मुलीला ओठ बघून बोलणं समजू लागलं. तेव्हा उंच सिस्टरनी सगळ्या शाळेला नियम घालून दिला. खारूताईसमोर तोंडावर हात ठेवून बोलायचं नाही, पाठ फिरवून बोलायचं नाही, तोंडात घास असताना बोलायचं नाही. मुख्याध्यापिका मदर, त्यांनाही तोच नियम. मुलींना तर हे भलतंच आवडलं. त्याही ओठ वाचायला शिकल्या आणि चॅपलमध्ये आवाज न काढता गप्पा छाटू लागल्या. प्रार्थनेला एवढी शांतता बघून मदरना वाटलं, मुलींची भक्ती वाढली. आम्ही कशाला सांगतोय!

गेल्या आठवड्यात मुख्य मठातून मदरना फोन आला की उंच सिस्टरची बदली झाली. त्यांनी म्हाताऱ्या सिस्टर लोकांच्या आश्रमात जाऊन त्यांची शुश्रूषा करायची. यांच्यात बदली आली की का म्हणून विचारत नाहीत आणि नाही म्हणत नाहीत. तसं व्रतच घेतलेलं असतं. मी मदरच्या खोलीत जाऊन सरळ विचारलं, "आणि या लेकराचं काय?" मदर म्हणाल्या, "मावशी, मी बोलून पाहिलं. माझ्याही हातात काही नाही." चष्मा स्वच्छ होता तरी त्या तो पुसतच होत्या.

सिस्टरना न्यायला गाडी येईपर्यंत मुलीला कळू द्यायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं म्हणून साहेब विचारतात. सगळ्यांनीच. उंच सिस्टर म्हणाल्या, मीच सांगेन. रोज म्हणायच्या, उद्या सांगते.

पण शाळेत विषय तो एकच. मग खारूताई दिसली की मुली पटकन तोंडावर हात धरायच्या आणि वर्गावरच्या बाई भिंतीकडे वळायच्या. बोलतोय आपण, हे लपवायलाही कुणाला जमेना. पोरगी वेड्यासारखी एकेकीचे हात ओढून काढत फिरायची. एका मोठ्या मुलीच्या मनगटाला तर कडकडून चावली. माझ्याकडे आली तेव्हा मी भाजीवालीशी तेच बोलत होते. मीही हातातलं फडकं तोंडाला लावलं. तिने ते ओढलं आणि विचारलं, "काय?" मी म्हणाले, "दात दुखतोय." ती गेली आणि पेल्यात कोमट पाणी, त्यात मीठ, असं घेऊन आली. तिच्यासमोर उभं राहून मला गुळण्या कराव्या लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. ड्रायव्हर माझ्याकडे चहाला बसला. माणूस वाईट नाही. चहा पिऊन बाहेर गेला तो बोंब ठोकतच परत आला. मी धावले. गाडी चारही चाकांवर बसलेली, आणि मागच्या चाकाशी खारूताई उकिडवी, हातात कंपासपेटीतलं कर्कटक. सिस्टर जाणार हे तिने कुणाच्या तरी ओठांवरून वाचलंच असणार. हवा सोडताना मी तिला पाहिलेलं नाही, एवढं नक्की लिहा. तेवढ्यात वरच्या वर्गातल्या मुली पायऱ्या उतरून आल्या. एक म्हणाली, "मी सोडली हवा." दुसरी म्हणाली, "नाही, मी." मग अख्खा वर्गच मी, मी करायला लागला. अगं बायांनो, एवढ्या जणी त्या चाकांपाशी मावल्या तरी असत्या का! ड्रायव्हर डोकं धरून पायरीवर बसला. "गाडी मालकाची आहे हो, माझ्या नोकरीवर येईल." त्यानेच ठाण्यात फोन केला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

उंच सिस्टर बॅग घेऊन बाहेर आल्या. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. खारूताईसमोर मातीत गुडघे टेकले, चेहरा उजेडाकडे केला आणि बोलायला तोंड उघडलं. पोरीने डोळे मिटून घेतले. घट्ट. सिस्टर म्हणत राहिल्या, "बाळा, बघ ना माझ्याकडे. एकदाच बघ." तिला कुठून कळणार! मग तिचा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला, तर तिने मूठ वळली. सगळ्या मुली उभ्या. कुणाच्याच तोंडावर हात नव्हता. मदर अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, गाडी नाही तर बस आहे." उंच सिस्टर उठल्या, बॅग उचलली आणि फाटकातून चालत गेल्या. त्यांच्यासाठी बांधलेली पाव-अंडी माझ्या ओट्यावरच राहिली.

तेव्हापासून मुलीने डोळे उघडलेले नाहीत. हाताला धरून नेलं तर चालते, हातात दिलं तर खाते. डॉक्टर बघून गेले, म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. मुलींनी तिच्या तळहातावर अक्षरं गिरवून पाहिली, तिने हात झटकला. आईवडिलांना कळवलं आहे, रजा मिळाली की निघतो म्हणाले. मदरनी मुख्य मठाला परत फोन केला. उत्तर आलं, झालेली बदली फिरत नाही. मी तिच्यावर ओरडले, मग तिला कुशीत घेऊन रडले, पण तिला कोण ओरडलं आणि कोण रडलं, काय पत्ता?

ड्रायव्हरने आज तक्रार मागे घेतली. माझी स्वतःची कुणाविरुद्ध तक्रार आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी खूप आठवून पाहिलं. मदरविरुद्ध नाही, ड्रायव्हरविरुद्ध नाही. उंच सिस्टरविरुद्ध कुठल्या तोंडाने करू? मठातून फोन करणाऱ्यांनाही वरून कुणी सांगितलेलंच असणार. मी म्हणाले, "साहेब, सिस्टरना परत आणायचं एखादं कलम असेल तर तेवढं लावा." साहेब म्हणाले, "मावशी, तसं कलम नसतं हो."

मुलगी आत्ता माझ्याशेजारी बाकावर बसलेली आहे. साहेब म्हणतात, तिच्यावर काही गुन्हा नाही, कुणी रागावलेलं नाही, घाबरू नकोस म्हणावं. हवालदारांनी तेच तिच्या कानाशी मोठ्याने सांगून पाहिलं.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे आणि बरोबर आहे. मुलीला वाचून दाखवता आला नाही.