टेबलामागची भिंत

नाही नाही, तो नको. तो पिवळा कार्डावर गोजिरवाणा दिसतो, भिंतीवर चढला की हळद सांडल्यासारखा होतो — मला विचारा, मी भोगलाय. मागे स्वयंपाकघराला दिला होता, ह्यांच्या पसंतीचा, तर वर्षभर येणारा-जाणारा विचारायचा, घरात कुणाला कावीळ झालीय का म्हणून. त्याच्या खालचा बघा. हां, हा. लोण्यासारखा. वाळल्यावर जरा गडद होतो म्हणालात ना तुम्ही? मग हाच. कपाटाच्या दारांना आकाशी, ते तर ठरलंच आहे — आधी कपाट, मग भिंत, तुमचंच सांगणं. लॅमिनेट दुकानात असेल तेच घ्यावं लागतं, रंग काय, हवा तसा कालवता येतो. मला पटलं. आमच्या नणंदबाईंना पटेना. त्यांचं आपलं आधी भिंती, आणि मुलीची खोली म्हणजे गुलाबी. मी म्हटलं, वन्सं, मुलगी आहे ती, साबणाची वडी नाही. बसा ना, दादा. ते स्टूल घ्या. तिकडे टेकू नका, ती पुट्टी ओली आहे अजून.

खारूला विचारून ठरवलंय हं सगळं. खारू म्हणजे माझी नात, जिची ही खोली. सारखी काहीतरी कुरतडत असते, पेन्सिल म्हणू नका, फ्रॉकचा पट्टा म्हणू नका, म्हणून खारू. आठवं लागलंय. दोन वर्षांची असल्यापासून माझ्याजवळच आहे, माझ्याच कुशीत झोपते, पण आता लाथा काय मारते — फुटबॉलवाल्यांनी न्यावी. म्हणून म्हटलं, हिची हिला खोली करू. ही तिच्या आईचीच खोली. माझ्या लेकीची. ती गेल्यावर इथे आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलो, रिकामी खोकी ठेवायला लागलो. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही — खोली मोकळी दिसायला नको, एवढंच. असो. तुम्ही खरवडलंत तेव्हा खाली पोपटी निघाला असेल. तो तिचा हट्ट होता, कॉलेजात असतानाचा. निघाला ना? सगळा खरवडलात? ... बरं. बरं केलंत. तसं केल्याशिवाय नवा धरत नाही, मला माहितीये.

जावई? आहेत की. चांगले आहेत. नाही, खरंच चांगले आहेत — लेक गेली त्याच आठवड्यात ह्या दारात उभं राहून म्हणाले, आई, खारू तुमची, मी तिला तुमच्यापासून तोडणार नाही. मी काही मागितलं नव्हतं. आपणहून म्हणाले. मागल्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं. करावं. तरणा माणूस, एकट्यानं का जन्म काढायचा? मीच खारूची वेणी घातली, नवा फ्रॉक घातला, आणि तिला लग्नाला पाठवलं. सुटीच्या दिवशी जाते ती तिकडे. त्या बाईही प्रेमानं वागवतात म्हणे — म्हणे नाही, वागवतात. खारूच सांगते. तिकडे मांजर आहे.

हां, बोला. किती लागेल? चार भिंती आणि छत... नाही, चार कुठे? साडेतीन धरा. ही खिडकीजवळची अर्धी सोडूनच द्या, इथे अभ्यासाचं टेबल येणार ना — भिंतीला ठोकून, मागे फळी, फळीवर पुस्तकांचे कप्पे. उजेड डावीकडून पडतो, लिहिताना हाताची सावली पडत नाही. फळीमागचा रंग कोण बघणार? उगाच डबा वाया. — पूर्ण भिंत? कोण म्हणालं पूर्ण भिंत? ह्यांनी सांगितलं? कधी?

अहो, ते विसरले असतील. ह्यांचं असंच. भाजीला पाठवलं तर वर्तमानपत्र घेऊन येतात, वर मलाच विचारतात, आज भाजी काय? त्यांच्यावर जाऊ नका. हा प्लग बघा, हा एवढ्या खाली कशाला काढून घेतलाय मी? टेबलावरच्या दिव्यासाठी. खारूला खुर्चीवर बसवून शिवणाच्या टेपनं तिच्या कोपराची उंची मी स्वतः मापली. सुतारमिस्त्रींना म्हटलं, तुमच्या नेहमीच्या मापाचं टेबल नको, पोर खांदे उचलून लिहितं, आणि खाली पाय टेकायला आडवी पट्टी द्या, लोंबते पाय असले की अक्षर पण लोंबतं. मिस्त्री हसले, पण त्यांनी माझ्यासमोर भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. इथेच होती. इथे... पुट्टीखाली गेली वाटतं. तुम्ही ही पण भरलीत? भरा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? — हो का. ह्यांनीच.

थांबा हं. मिस्त्री नि तुम्ही बरोबरच कामं घेता ना? मग तुम्हाला माहीत असणार. ते टेबल करायला घेतलंय का नाही त्यांनी? — झालं? तयार झालं? मग झालं तर! उगाच माझा जीव खाली-वर. आकाशीच आहे ना, दारांसारखं? आणि पायाखाली पट्टी? तुम्ही बघितलीत? तुमच्या डोळ्यांनी? हां — मग माझंच टेबल. मिस्त्रींना म्हणावं, आणून टाका आता, रंगाच्या वेळी प्लास्टिक घालू वरून. — पोचवलं? नाही हो, कुठे पोचवलं? मी दिवसभर घरातच असते, टेबल काय उशाखाली लपतं?

तिकडे.

तिकडे म्हणजे जावयांकडे.

नाही, तुम्ही का ओशाळता? तुम्हाला वाटलं मला ठाऊक आहे. कुणालाही तसंच वाटेल — टेबल इथल्या बाईनं मापलंय, ते कुठे गेलं हे बाईला ठाऊक नसेल, असं कोण धरून चालेल? बसा. उठू नका, म्हणते ना. चहा घ्या तो, साय धरली त्याच्यावर.

तिकडेही लागत असेल एखादं. सुटीला गेली की चित्रं काढायला. असंच असेल. एक तिकडे, एक इथे — मिस्त्रींनी दोन घेतली असतील करायला. — एकच? नक्की? ... बरं. बरं, एकच. मग बघा, दादा, मला बेरीज येते, मी शिकलेली बाई आहे. पलंग इथे, कारण पाहुणी आली तरी तिला निजायला काहीतरी लागतं. कपाट इथे, चार फ्रॉक अडकवायला. आणि टेबल तिकडे. जिथे दप्तर तिथे टेबल, जिथे टेबल तिथे पोर. ही खोली आहे ना, ही सुटीची खोली आहे. सुटीचे दिवस उलटे केलेत त्यांनी, दुसरं काही नाही. परवा जेवताना हे म्हणाले, तिकडे एक नवी शाळा निघालीय, चांगली आहे म्हणतात. मी विचारलं, कोण म्हणतं? असंच, कानावर आलं, म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा लख्ख होता, दादा. मीच पुसून दिला होता सकाळी.

आणि मी काय समजले? गेली दोन वर्षं मी ह्यांच्या मागे होते, खोली करू या, पोरीला खोली करू या — हे ढिम्म. बघू, बघू. आणि मग एक दिवस आपणहून म्हणतात, कर, तुझ्या मनासारखी कर, हात आखडता घेऊ नकोस. मी शेजारणीला सांगत सुटले, म्हटलं, उशिरा का होईना, आमच्या ह्यांना बायकोची हौस कळली! हौस कसली? खुळखुळा दिला हातात. हिला रंग निवडत बसवा, म्हणजे ही मान वर करून बघणार नाही. जावयाचं मला इतकं नाही लागत — बाप आहे, त्याची पोर आहे, आज ना उद्या नेणार. शब्द मोडला, पण शब्द दिला तेव्हा त्याचं तरी डोकं कुठे ठिकाणावर होतं? पण हे? लेक गेल्यावर ह्या घरात आम्ही दोघंच होतो. मी गॅसपाशी पाठमोरी उभी राहिले तरी ह्यांना कळायचं, येऊन नुसते शेजारी उभे राहायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजत. ते हे — मिस्त्रीला सांगतात, तुम्हाला सांगतात, जावयाशी बसून ठरवतात. आणि मला विचारतात, लोण्याचा रंग बरा का आकाशी?

निदान खारूला तरी — नाही, तिला नसेल माहीत. एवढीशी ती. त्या दिवशी इथेच फरशीवर कार्ड पसरून बसलो होतो दोघी. म्हटलं, खारू, ठेव बोट. तर ठेवेचना. माझ्याकडे बघत राहिली, वेणी चावत. मग म्हणते, आजी, तूच सांग ना तुला कुठला आवडतो. रोज तर तूच बघणार.

मी हसले हो. हसले, पापा घेतला, आणि संध्याकाळी ह्यांना कौतुकानं सांगितलं — बघा पोरीची माया, खोली हिची आणि रंग म्हणे आजीच्या आवडीचा! हे ताटावरून उठले, हात धुवायला गेले, ते बराच वेळ नळ सोडून उभे.

तिला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, वर्गात कुणाचा दात पडला तेसुद्धा दारातूनच ओरडत यायची, तिला ह्यांनी तोंड मिटायला शिकवलं. माझ्याच घरात, माझ्याच ताटातला घास खाऊन. आणि शिकली ती. चांगलं शिकली. रात्री गळ्यात हात टाकून झोपते आणि बोलत नाही.

नको, पाणी नको. मी ठीक आहे. शाळा सुटली असेल, हे घेऊन येतच असतील तिला. तुम्ही मधे पडू नका, तुम्हाला ह्यात ओढायचं नाही मला. ऐका फक्त. उद्या तो लोण्याचा आणा. छत करा, तीन भिंती करा, दोन-दोन हात नीट मारा, कपाटाच्या कडेला ब्रश सांभाळून. ही भिंत सोडा. — सोडा म्हणजे सोडा, काही लावायचं नाही, अशीच राहू दे, पुट्टीची पांढरीफटक. वाईट दिसेल, मला कळतं. तुमच्या कामाला नाव कुणी ठेवणार नाही, मी आहे ना. रंग उरला तर उरू दे. हे विचारतील, ही का सोडली? तर म्हणायचं, बाईंना विचारा. दुसरं एक अक्षर नाही. जावयांनी विचारलं तरी तेच, मिस्त्रींनी विचारलं तरी तेच. बाईंना विचारा. एकदा तरी ह्या घरात कुणालातरी मला काहीतरी विचारावं लागू दे.

फाटक वाजलं. निघा तुम्ही. कार्ड घ्या ते, स्टूल राहू दे, निघा — आले गं, खारू! आले, आले! ... कुणाशी? अगं, पेंटरकाकांशी. काही नाही गं, रंगाचं चाललं होतं.