रिकाम्या फळीवरचा डबा

...छे छे छे, चूक माझी? माझी कशी? तुम्हीच सांगा! महाप्याला रंगाची कंपनी, तिथे मी कॉम्प्युटरवाला, अजून पर्मनंट नाही, आणि मुलीचे वडील पर्मनंटचं पत्र बघितल्याशिवाय साखरपुड्याचं नाव काढत नाहीत! साहेबांच्या केबिनमध्ये कोरा कॉम्प्युटर, एसी त्याला, घाम आम्हाला, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि पडद्यावर कुठला रंग किती शिल्लक त्याचे रंगीत दांडे. साहेब सकाळी आधी दांडे बघणार, मग चहा! आणि म्हणे कॉम्प्युटर खोटं बोलतो!

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सेल्सचे राजवर्धन तणतणत आत. "सर, पडद्यावर पांढऱ्याचा एक डबा शिल्लक, म्हणून बोनकोड्याच्या पार्टीला जबान दिली, टेम्पो पाठवला, तर डबाच नाय! पार्टी माझ्या नावानं शिमगा करतेय!" साहेबांनी गोडाऊनला फोन लावला. तिकडून हौसेराव, आमचे साताऱ्याचे गोडाऊनकीपर, ठणठणीत आवाजात, "हाय की सायेब, एक हाय!" आता घ्या! एक म्हणतो आहे, एक म्हणतो नाही, आणि दोघं मिळून बोट कुणाकडे? माझ्याकडे! साहेब म्हणाले, "दिलीप, आज आकडा जुळला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस." अहो, हौसेराव सांगतात तेच मी टाइप करतो, आणि म्हणे कॉम्प्युटर खोटं बोलतो!

मी म्हटलं, साहेब, चला, डोळ्यांनीच बघू. बसलो सगळे जीपमध्ये, गेलो तळवलीच्या गोडाऊनला. हौसेरावांनी पांढऱ्या रंगाच्या फळीपाशी नेलं. बघतो तर काय... फळी रिकामी! आणि मधोमध एक सुपारी! हळदकुंकू लावलेली! मी हबकलोच. शेजारच्या रिकाम्या फळीवरही सुपारी, तिच्या वरच्या फळीवरही सुपारी!

"हौसेराव, डबा कुठाय?"

"ह्यो काय समोर!"

"अहो, ही सुपारी आहे!"

"मंग? लक्षुमीची जागा रिती दाखवायची व्हय? घरातलं तांदूळ सपलं तर सपलं म्हनतो का आपन? माल सपला की म्या सुपारी मांडतो आन् एक सांगतो. आजवर कुनी बोललं न्हाई!"

कोण बोलणार? कुणाला ठाऊक होतं? म्हणजे ज्या रंगाचा म्हणून एकच डबा पडद्यावर दिसत होता, तो डबा म्हणजे सुपारी होती! राजवर्धन मटकन पोत्यावर बसले. मला मात्र आतून उकळ्या फुटायला लागल्या. सुटलो! आता साहेब हौसेरावांना सोलणार!

साहेब पुढे झाले. वाकले... आणि बूट काढले! बूट काढून सुपारीला हात जोडले हो! मला तर घेरीच यायची बाकी! राजवर्धन ओरडले, "सर, हा चुकीचा डेटा आहे!" साहेब शांतपणे म्हणाले, "पूजेला बायको नसली, तर कमरेला सुपारी लावून बसतोच ना आपण? दिलीप, कॉम्प्युटरला शिकव. शून्य दाखवायचं नाही."

शिकवलं! काय करता? आता सेल्स, गोडाऊन, कॉम्प्युटर, तिघांचे आकडे तंतोतंत जुळतात. भांडण नाही, तंटा नाही, मी पर्मनंट झालो, साखरपुडाही झाला. फक्त गिऱ्हाईक आलं... की त्याला रंग तेवढा मिळत नाही!