भिकनचा नंबर लागला

अख्ख्या उधन्यात, आमच्या त्या यंत्रमागांच्या वस्तीत, माझ्यासारखा थापाड्या नव्हता. म्हणजे होते दोन-चार, पण ते मार खायचे आणि मी पळून जायचो.

नव्वदनंतरची गोष्ट. सरकारने गरिबांसाठी स्वस्त घरांचे फॉर्म काढले. घरं मूठभर, फॉर्म ढीगभर. माझ्या शेजारच्या लूमवर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या भिकननेही भरला. आम्ही आठजण एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचो, म्हणून त्याची बायको बारा वर्षं अमळनेरलाच. सोडतीत त्याचं नाव नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुरतं येत होतं. यादीवर बोट ठेवून मी ठोकून दिलं, "पेढे काढ भिकन, तुझा नंबर लागला!"

संध्याकाळी खरं सांगणार होतो. गडी दुपारीच गावाला बायकोला 'निघून ये' अशी तार करून आला. मग खरं सांगायला माझी जीभच रेटेना.

दुसऱ्या दिवशी भिकनबरोबर मीही स्टेशनावर गेलो. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, गाडीतून उतरली, डोक्यावर पाटा-वरवंटा. तिथेच मी दोघांपुढे हात जोडले. "वहिनी, माझी थट्टा होती. घरबिर काही नाही. पाहिजे तेवढ्या शिव्या द्या."

भिकन खाली बसला. ती म्हणाली, "भाऊ, बारा वर्षांत यांनी मला पहिल्यांदा बोलावलं. निदान स्टेशनाबाहेर पडेपर्यंत तरी थाप टिकू द्यायची होती!"