अंगणापर्यंत आवाज

मोडक्या खुर्चीचा पाय जोडून घ्यायला आलेली बाई वेल्डरच्या दुकानात बाकावर बसली होती. तिच्या आधीचं गिऱ्हाईक झाडं तोडणारा होता. त्याने आपली लाकडं कापायची चेनची मशीन टेबलावर ठेवली.

“हिला नवा सायलेन्सर बनवून द्या. चांगला फुगीर, मोठ्या आवाजाचा.”

“लाकूड कापायच्या शर्यतीत उतरवताय की काय?”

“छे हो. लाकडंच कापायचीत.”

“मग नसती उठाठेव कशाला? ताकद जेमतेम वाढेल, कान मात्र जातील.”

“मी कापूस घालीन. आवाज अंगणापर्यंत गेला पाहिजे.”

“अंगणात कोण आहे?”

“वडील. काम त्यांनीच शिकवलं. मी मागच्या झाडीत कापायचो आणि ते खाटेवरून नुसत्या आवाजावर ओरडायचे, ‘चेन बोथट झालीय, गाढवा! घासून घे!’”

“आणि आता?”

“आता ऐकू कमी येतं. परवा विचारत होते, कामच सोडलंस का म्हणून.”

वेल्डरने जुना सायलेन्सर उलटसुलट करून पाहिला.

“हा गोंगाट ऐकला तर काय म्हणतील?”

“शिव्या घालतील. चांगल्या मशीनची वाट लावलीस म्हणून.”

“मग आजच करू. ताई, तुमची खुर्ची उद्या दिली तर चालेल?”

बाई केव्हाच उठली होती.

“परवा द्या.”