वरून भरलेला गॅस

लेक : तिसऱ्यांदा येताय काका. आधीच्या दोन्ही वेळेला म्हणालात, खोली गरम करणाऱ्या या हीट पंपातला गॅस कमी झाला होता, भरलाय, आता काळजी नको.

मेकॅनिक : म्हणालो खरं.

लेक : आणि आईची खोली पुन्हा गारठलेली. मशीन मात्र दिवसभर घुरघुरतंय.

मेकॅनिक : नुसतंच घुरघुरतंय. टेकू का जरा? गुडघे बोलायला लागलेत.

लेक : टेका. मीही सकाळपासून उभीच आहे.

मेकॅनिक : ताई, यातला गॅस एक नसतो, तिघांचं मिश्रण असतं. गळती लागली की तिघं सारखे जात नाहीत. लवकर उडणारा आधी सटकतो, उरलेले मागे राहतात. मग वरून कितीही भरा, प्रमाण बिघडलं ते बिघडलंच.

लेक : मग आता?

मेकॅनिक : सगळा काढून घ्यायचा, गळती बुजवायची आणि नवा तोलून भरायचा. तोही बाटली उलटी धरून, गॅस पातळ, द्रवरूप असतानाच. नाहीतर बाटलीतच तोच घोळ. चारेक तास मशीन बंद राहील.

लेक : हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?

मेकॅनिक : होतं.

लेक : होतं?

मेकॅनिक : मागच्या खेपेला तुमचं त्या दिवसातलं पाचवं घर होतं. अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, थोडा वरून घालू, निभावेल एवढी थंडी. चुकलं माझं.

लेक : तुम्ही गॅस भरून गेल्यापासून महिनाभर आई म्हणतेय, गार लागतंय. मी रिमोटवरचा आकडा बघायचे. चोवीस. म्हणायचे, वय झालं की असंच होतं.

मेकॅनिक : आकडा आपण मागितलेली ऊब दाखवतो ताई. मिळाली किती, ते नाही.

लेक : काल ओरडले तिच्यावर. म्हटलं, तुझी कुरकुर ऐकून जीव नकोसा झालाय.

मेकॅनिक : मी लागतो कामाला. आज पुरं करूनच उठेन.

लेक : थांबा, आधी तिला स्वयंपाकघरात नेते. तिथे त्यातल्या त्यात ऊब असते.

(लेक आतल्या खोलीत जाते.)

लेक : आई, ऊठ गं. मशीन बिघडलं होतं. महिनाभर. तुला खरंच गार लागत होतं.

आई : हो ना.

लेक : मी काल तुला...

आई : असू दे. पांघरुणं दोन घे. तुलाही लागेल.